नायक आवडतो, त्याचं वागणं पटत नाही

ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांबद्दलचे प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या बहुतेक पत्रांत अडचण एकच आहे: वाचायला आवडतं, पण त्यातलं सगळं पटत नाही. निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो आहोत. नावं बहुतेकींनी छापू नका म्हणून कळवलं होतं, त्यामुळे सगळ्यांचीच गाळली आहेत.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते, बँकेत नोकरी करते. रात्री सगळी झोपली की मोबाइलवर इंग्रजी हिस्टॉरिकल रोमान्स वाचते. मावशीच्या कपाटातल्या जुन्या, पिवळ्या पानांच्या कादंबऱ्याही संपवल्यात. त्यांत नायक नायिकेला पळवून नेतो, तिच्या मनाविरुद्ध जवळ ओढतो आणि शेवटी तिचा जीव त्याच्यावरच जडतो. असा माणूस खरोखर भेटला तर मी सरळ पोलीस चौकी गाठेन. मग पुस्तकात का आवडतो? 'त्या काळी असंच होतं' अशी मनाची समजूत घालते, पण ती काही पुरत नाही.

उत्तर : पुरणार नाही, कारण त्या समजुतीत खोट आहे. या कादंबऱ्यांतून इतिहास किती गाळलेला असतो ते पाहा. अठराव्या शतकातल्या नायकाच्या तोंडावर देवीचे व्रण नसतात, त्याचे दात शाबूत असतात. नायिकेच्या केसांत उवा नसतात आणि पहिल्याच बाळंतपणात ती दगावत नाही. आपल्याकडच्या पेशवाईवरच्या कादंबरीत कुणबिणी समया लावताना दिसतात, पण त्या विकत घेतलेल्या असायच्या हे क्वचितच कुणी लिहितं. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी एवढं सगळं गाळायचं आणि जबरदस्ती तेवढी 'ऐतिहासिक सत्य' म्हणून ठेवायची, हे चालणार नाही. ती लेखकाने आपल्या मर्जीने ठेवलेली आहे, तेव्हा जाबही लेखकालाच विचारायचा.

ती का ठेवली, याचं उत्तर पुस्तक ज्या काळात घडतं त्यात नसतं, ज्या साली छापलं त्यात असतं. मावशीच्या कपाटातली पुस्तकं बहुधा १९७०-८० च्या दशकांतली असणार. १९७२ साली अमेरिकेत कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' थेट पेपरबॅकमध्ये आली, तुफान खपली आणि तिने पुढच्या दीड-दोन दशकांचा साचा पाडला. तिच्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बलात्कार करतो आणि पुढे तिचा नवरा होतो. लग्नाआधी स्वतः होऊन 'हो' म्हणणारी नायिका तेव्हाच्या वाचकवर्गाला 'चांगल्या घरची' वाटली नसती. जबरदस्ती दाखवली की सुखही मिळायचं आणि दोषही तिच्या माथी यायचा नाही. युक्ती वाईट होती, पण ती १९७२ ची होती, १८०० ची नव्हे. (आपल्याकडे बाजीराव-मस्तानीवरची 'राऊ' त्याच साली आली. तिची अडचण निराळी आहे, ती पुढे येईल.)

आता 'का आवडतो'. पुस्तकातला धोका तुमच्या मुठीत असतो. शेवट गोड होणार हे या प्रकारात ठरलेलंच असतं आणि मधे कुठेही पान मिटता येतं. शिवाय नायकाच्या मनात काय चाललंय हे तुम्हाला आतून कळत असतं. खऱ्या माणसाच्या बाबतीत यातलं एकही हाती नसतं. तेव्हा पुस्तकातली ओढ म्हणजे मनातली इच्छा असं समीकरण मांडू नका.

मात्र सगळी पुस्तकं एका मापाची नसतात, पारख करावीच लागते. पहिल्यांदा पाहायचं ते हे, की नायिका 'नको' म्हणते तेव्हा पुढच्या दोन-तीन पानांत काय होतं. नायक थांबतो, की तिच्या 'नको'चा अर्थ लेखकच 'हो' लावून देतो? मग, तो प्रसंग कुणाच्या नजरेतून सांगितलाय? तिच्या भीतीला जागा आहे, की नुसती त्याच्या आवेगाला? आणि शेवटच्या पाव भागात तो काय करतो? हिऱ्यांचा हार आणि डोळ्यांतलं पाणी जमेस धरू नका. आपण काय केलं हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय का, आणि तसाच प्रसंग पुन्हा आल्यावर तो वेगळं वागतो का, एवढंच बघा. पहिल्या दोन्हींत घसरलेली कादंबरी कधी कधी इथे सावरते. इथेही घसरली तर ती प्रेमकथा जमलेलीच नाही, मग भाषा कितीही गोड असो.

नको वाटणारा प्रसंग खुशाल ओलांडा. त्या काळातल्या कादंबऱ्यांत तो बहुतेक पहिल्या एक तृतीयांश भागात येतो आणि त्यातली कथेला लागणारी माहिती पुढच्या प्रकरणात पुन्हा येतेच. प्रत्येक ओळ वाचलीच पाहिजे, असा काही दंडक नाही.

प्रश्न : मी गडहिंग्लजचा, निवृत्त शिक्षक. रणजित देसाई आमच्याच भागातले, कोवाडचे, त्यामुळे 'स्वामी' आमच्या घरात पोथीसारखी वाचली गेली. परवा सूनबाई म्हणाल्या, "बाबा, यात सतीचं कौतुक केलंय." मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. माधवराव-रमाबाईंच्या प्रेमाची गोडी चुकीची का?

उत्तर : सर, गोडी चुकीची नाही आणि सूनबाईही चुकीच्या नाहीत. १९६२ ची ही कादंबरी रमाबाईंच्या सहगमनापाशी संपते. तो प्रसंग अशा उंचीवर नेलेला आहे की वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि प्रश्न विचारायचं राहून जातं. हेच तिचं सामर्थ्य आणि इथेच ती टोचते.

राहून गेलेला प्रश्न आता विचारू. त्या काळी दुसरी वाट नव्हती का? माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले, वय २७. त्यांची आई गोपिकाबाई १७६१ मध्येच विधवा झाल्या होत्या. त्या सती गेल्या नव्हत्या, मुलानंतरही पुष्कळ वर्षं जगल्या. अहिल्याबाई होळकर १७५४ साली कुंभेरीला सती जायला निघाल्या तेव्हा सासरे मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. आणि आपल्या करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीचं उदाहरण तर अगदी घरातलं. राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर वारले. त्यांच्या एक राणी अंबिकाबाई विशाळगडावर सती गेल्या. दुसऱ्या ताराबाई, वय जेमतेम पंचविशीचं. त्यांनी औरंगजेबाशी पुढची सात वर्षं लढा चालवला. नवरा एक, साल एक, आणि वाटा दोन.

इथे एक भान ठेवायला हवं. ज्यांना लहान मुलं होती त्यांना सहसा सती जाऊ देत नसत. ताराबाई, गोपिकाबाई, अहिल्याबाई तिघींनाही मुलगे होते, रमाबाईंना मूल नव्हतं. म्हणजे 'प्रेम फार होतं म्हणून गेल्या' या वाक्यामागे निपुत्रिक विधवेच्या वाट्याला येणारं पुढचं आयुष्यही उभं असतं. कादंबरीत पहिली गोष्ट ठळक आहे आणि दुसरी धूसर. सूनबाईंचा आक्षेप नेमका तिथे आहे, असं आम्हाला वाटतं.

कादंबरी पुन्हा वाचाल तेव्हा एक करून बघा. रमाबाईंच्या तोंडची वाक्यं तेवढी पेन्सिलीने खुणा करत जा (पुस्तक स्वतःचं असेल तरच, वाचनालयाचं असेल तर वही घ्या). मग त्यांच्याबद्दल इतर लोक काय बोलतात त्याच्या खुणा वेगळ्या करा. शेवटच्या प्रकरणांत दोन्हींचं प्रमाण कसं बदलतं ते दोघांनी मिळून पाहा. आमच्या मते 'स्वामी'तली प्रेमकथा सगळ्यात खरी उतरते ती मधल्या भागात, राज्यकारभाराच्या धबडग्यात दोघांना क्वचित मिळणाऱ्या निवांत वेळात. ती गोडी घ्यायला शेवटाला मान डोलवावीच लागते असं नाही.

प्रश्न : विकत घेण्याआधी किंवा वाचनालयातून नेण्याआधी पुस्तकात काय आहे हे कसं ओळखावं? (शाहूपुरी)

उत्तर : मुखपृष्ठावर जाऊ नका. चाळीस वर्षांपूर्वीची कादंबरी नव्या कव्हरात नवीन म्हणून विकली जाते. शीर्षकपानाची मागची बाजू उघडा. मराठीत 'प्रथमावृत्ती' आणि इंग्रजीत कॉपीराइटचं साल बघा, पुनर्मुद्रणाचं नको. इंग्रजी रोमान्स १९९० च्या आधीचा असेल तर जबरदस्तीचा प्रसंग असू शकतो हे धरूनच चला.

ई-पुस्तकाचा नमुना फुकट मिळतो, साधारण पहिला दहा टक्के भाग. पण घोटाळा असा, की नकोसा प्रसंग बऱ्याचदा त्याच्या पुढेच असतो. म्हणून वाचकांचे अभिप्राय पाहताना पाच ताऱ्यांचे सोडा, एक-दोन ताऱ्यांचे दहाएक वाचा. चिडलेला वाचक नेमकं काय खटकलं ते सांगतो, खूश झालेला नुसता 'अप्रतिम' म्हणून मोकळा होतो. स्टोरीग्राफ या संकेतस्थळावर वाचकांनीच दिलेल्या सूचना असतात आणि त्या तीव्र, मध्यम, किरकोळ अशा वर्गवारीत असतात. मराठी पुस्तकांना ही सोय फारशी लाभलेली नाही. तिथे ग्रंथपालांना विचारावं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. अशा जुन्या वाचनालयात कुठलं पुस्तक कोण अर्ध्यावर परत आणून देतं, हे काउंटरवरच्या माणसाला पाठ असतं.

प्रश्न : विद्यापीठात इंग्रजीत एम.ए. करतोय. रीजन्सी रोमान्स वाचतो म्हणून होस्टेलवर पोरं खेचतात, त्याचं काही नाही. पण त्यातला ड्यूक 'हिंदुस्थानातून पैसा कमावून आला' असं वाचलं की घास अडकतो. हे माहीत असूनही मजा घेता येते?

उत्तर : येते, आणि माहिती असली तर वाचणं जास्त चविष्ट होतं, असं आम्ही म्हणू. रीजन्सी म्हणजे इंग्लंडमधला १८११ ते १८२० हा काळ. त्याच दशकात, १८१८ मध्ये, इकडे पेशवाई बुडाली. करवीर राज्यानेही १८१२ मध्ये इंग्रजांशी तह केला होता. या कादंबऱ्यांत येताजाता ज्याचं नाव निघतं तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्लीच. तेव्हा नायक तिकडून हिरे घेऊन परतला की ते कुणाचे होते हे विचारण्याचा पहिला हक्क आपला.

नायकाचं वार्षिक उत्पन्न बहुतेक दिलेलं असतं. ते कशातून येतं ते शोधा. जमिनीचा खंड, ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी की वेस्ट इंडीजमधली साखर? साखर असेल तर त्यामागे गुलाम आहेत. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला, गुलामी मात्र १८३४ पर्यंत चालू राहिली. ती संपवताना सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना, गुलामांना कवडी मिळाली नाही. हल्लीच्या काही लेखिका हे कथेतच घेतात. बऱ्याच जणी नायकाला गुलामीविरोधी भाषण ठोकायला लावतात आणि उत्पन्नाचा विषय टाळतात. अशा नायकाचं भाषण संपलं की त्याची खतावणी मागायची.

नायिकेच्या बाजूचा हिशेबही मांडायला हवा. लग्न होताच तिची रोकड, दागिने, पुढची कमाई सगळं कायद्याने नवऱ्याचं व्हायचं. यात १८७० च्या कायद्याने थोडा आणि १८८२ च्या कायद्याने मोठा बदल झाला. १८५७ पूर्वी पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर संसदेत स्वतंत्र कायदा पास करून घ्यावा लागे. म्हणून श्रीमंत घरी लग्नाआधी वकिलांकरवी करारनामा व्हायचा. त्यात बायकोच्या हातखर्चाची रक्कम आणि ती विधवा झाली तर दरसाल किती मिळणार हे लिहिलेलं असायचं. कादंबरीत हा करारनामा असेल आणि नायिका तो वाचत असेल तर लेखिका अभ्यास करून बसली आहे असं खुशाल समजा. नायिका एकवीसच्या आतली असेल आणि वडील राजी नसतील तर साध्या परवान्याने इंग्लंडमध्ये लग्न होत नसे. म्हणूनच जोडपी स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनला पळायची. आणि विशेष परवान्याशिवाय संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात लग्न लागलेलं दिसलं की लेखिकेचे गुण कापा. लग्नं सकाळी आठ ते दुपारी बाराच्या आत लागत.

प्रश्न : मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांत सरदाराचं कलावंतिणीवर किंवा परजातीच्या स्त्रीवर प्रेम असतं. वाचताना भारावून जाते, नंतर वाटतं की तिला कुणी विचारलं होतं का? (कसबा बावडा)

उत्तर : अशा कथेला एक साधी कसोटी लावा. तिच्या मुलाचं काय झालं? प्रेम किती खोल होतं ते कवितेपेक्षा वारसाहक्कात कळतं. मस्तानीचाच दाखला घ्या. बाजीराव तिच्यासाठी घरच्यांशी आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाशी भांडले हे खरं. पण १७४० च्या सुरुवातीला ते मोहिमेवर असताना घरच्यांनी तिला कैदेत टाकलं आणि एप्रिलात ते रावेरखेडीला वारले ते तिची भेट न होताच. मुलगा समशेर बहादूर ब्राह्मण म्हणून स्वीकारला गेला नाही. मात्र त्याला बुंदेलखंडात जहागीर मिळाली. पुढे पानिपतात जखमी होऊन १७६१ मध्ये तो गेला. बांद्याचे नवाब हे त्याचे वंशज. 'राऊ'सारखी कादंबरी वाचताना ही बाजू शेजारी ठेवा. मस्तानीच्या स्वतःच्या शब्दांत जवळजवळ काहीच मागे उरलेलं नाही. तिचं मन म्हणून जे वाचतो ते लेखकाचं आहे. ते सुंदर असेल, पण पुरावा नव्हे.

कोल्हापूरच्या वाचकाला तर 'त्या काळी' म्हणताना जास्तच जपून राहावं लागतं. शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा, १९१९ साली आंतरजातीय विवाहाचा आणि १९२० साली देवाला मुली सोडण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा याच संस्थानात केला. तेव्हा १९२० नंतर लिहिलेल्या कादंबरीत देवाला सोडलेली मुलगी नुसती नाजूक, गाणारी, झुरणारी दाखवली असेल, तिला घर नाही, कमाई नाही, आईचं नावही नाही, तर लेखकाला माहीत नव्हतं ही सबब चालत नाही.

अशीच आणखी एक खूण. शत्रूपक्षाच्या, त्यातही मुसलमान सरदाराच्या जनानखान्याचं वर्णन किळस येईल असं आणि आपल्या नायकाच्या तीन बायकांचं वर्णन मात्र चांदण्यातलं, असं दिसलं की समजावं, इथे इतिहास संपून पक्षपात सुरू झाला.

प्रश्न : पंधरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात असली कादंबरी सापडली. काढून घेऊ? (मंगळवार पेठ)

उत्तर : काढून घेऊ नका, पीडीएफ दहा मिनिटांत मिळते. आधी तुम्ही वाचा, निदान ज्या पानांवर पुस्तक आपोआप उघडतं ती तरी. उघड लैंगिक वर्णनाचं, प्रौढांसाठीचं पुस्तक असेल तर 'हे अजून दोन-तीन वर्षांनी' एवढं सरळ सांगा, आवाज न चढवता. बाकीच्या पुस्तकांत तिला वयाचा हिशेब करायला लावा. माधवराव १७४५ चे, लग्न १७५३ चं. नवरदेव आठ वर्षांचा! १८९१ च्या कायद्याने मुलीचं संमतीवय दहावरून बारावर नेलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता हे सांगा. १९२९ च्या सारडा कायद्याने लग्नाचं वय मुलीसाठी चौदा केलं, आज ते अठरा आहे. अठरा वर्षांवरच्या पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आजही आपल्या कायद्यात बलात्कार ठरत नाही, हेही सांगा. पुस्तकातलं सगळंच काही मागे पडलेलं नाही, हे तिला कळायला हवं.

प्रश्न : आमच्या भिशीत आता दर महिन्याला एक पुस्तक ठरवतो. गेल्या वेळी अशाच कादंबरीवरून दोघी जावांत वाजलं, एक महिना भिशीच झाली नाही. चर्चा कशी घ्यावी? (रुईकर कॉलनी)

उत्तर : आठ ते दहा जणी पुरे, जास्त झाल्या की दोन तट पडतात. चारशे पानांची कादंबरी असेल तर महिनाभराचा अवधी द्या. एकीने सालांचा तक्ता करून आणायचा: पुस्तकातल्या घटनांची सालं, पात्रांची त्या वेळची वयं आणि पुस्तकाचं प्रथमावृत्तीचं साल. अर्ध्या पानात बसतो. तो सगळ्यांसमोर असला की 'त्या काळी' वरचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

वेळ दीड तास. पहिली वीस मिनिटं फक्त काय आवडलं ते बोलायचं, आक्षेप नाही. हा क्रम मोडू नका. आक्षेपाने सुरुवात झाली की जिला पुस्तक आवडलं ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते आणि पुढे पुस्तकाऐवजी स्वतःचा बचाव करत बसते. जावांचं बहुधा असंच झालं असणार. मग आक्षेपाचा एकच प्रसंग निवडायचा, त्याची दोन पानं मोठ्याने वाचायची आणि त्याच पानांवर बोलायचं. 'असली पुस्तकं' या शब्दाला बंदी घाला. आणि भिशीचा नंबर चर्चेनंतर काढा, आधी काढला की जिला लागला ती पैसे मोजत बसते आणि बाकीच्या चहाकडे वळतात.